शिमग्यात पानं गाळणारं झाड

यमुना,

काल भोईर वहिनींनी मला तुझी एक लबाडी दाखवली, आणि तू गेल्यापासून पहिल्यांदाच मी मोठ्याने हसले. दुकानात ब्लाउजचं माप द्यायला आलेली एक बाई दचकून बघायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा वहिनींनी शिलाई मशीनवरचा एक कापडाचा तुकडा पुढे केला. फुलाफुलांचा होता. तुला आवडला असता.

लबाडी कोणती ते सांगते, पण क्रमाने. "बाई, तुमी हसतानाबी अनुक्रमांक घालता," असं तू म्हणायचीस. घालते. या वयात सवय कुठे बदलायची?

शिवाय हे मी तुझ्याशी बोलत असले तरी वाचणार आहेत नील आणि सानिका, माझी मेलबर्नची नातवंडं. त्यांना मराठी वाचता येतं, सावकाश येतं, पण येतं. तू कोण हे त्यांना धड ठाऊक नाही. "यमुनाबाई आल्यात रे, नंतर बोलते," एवढंच त्यांनी फोनवर ऐकलेलं. तेव्हा तुला पाठ असलेल्या गोष्टीही मला त्यांच्यासाठी पुन्हा सांगाव्या लागतील. तेवढं ऐकून घे. वर्गात दुसरीला शिकवताना चौथी ऐकायचीच की!

तू माझ्याकडे पहिल्यांदा आलीस ती भांडायला. मी शहापूरच्या हायस्कुलातून इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. सकाळी कुंड्यांना पाणी घालत होते, तर फाटकापाशी पिशवी घेतलेली एक बाई.

"तुमीच ना इंग्रजीच्या बाई?"

"हो."

"मग ही तुमची भाषा माझ्या गळ्यात कोनी बांधली?"

नुकतंच पहिलीपासून इंग्रजी आलं होतं. तुझी शाळा किन्हवलीच्या पुढे, मुरबाडच्या वाटेवरच्या एका पाड्यात. पहिली ते चौथी, एकतीस मुलं, एक खोली आणि एक पडवी. मॅट्रिकला इंग्रजीत तुला पस्तीस मार्क, तेही दुसऱ्या खेपेला, आणि ते तू दारातच जाहीर करून टाकलेस. "पोरं माझ्याकडं बघतात न् मी पुस्तकाकडं. पुस्तक कुनाकडंच बघत नाय," तू म्हणालीस. मी तुला आत बोलावलं, चहा दिला, आणि मला आठवतंय, तू कप विसळूनच परत दिलास.

त्या काळात मी आठवड्यातून एकदा एसटी स्टँडजवळच्या भोईर वहिनींच्या दुकानात जायची. पुढे झेरॉक्स आणि शिलाई, मागे एक कॉम्प्युटर. मुलगा ऑस्ट्रेलियाला गेला तेव्हा त्याने जायच्या आधी मला तिथे बसवून ई-मेल शिकवला होता. त्याची पत्रं वाचता वाचता मला एक वेगळाच खजिना सापडला होता. जगभरातल्या शिक्षकांनी लहान मुलांसाठी केलेली चित्रं, गाणी, नकाशे, सरावाचे कागद. कुणीही उघडावं, छापावं, वर्गात वापरावं. मी निवृत्त झालेली, माझ्यापुढे वर्ग नव्हता. तुझ्यापुढे वर्ग होता आणि हातात काही नव्हतं. मी म्हटलं, शनिवारी ये. सकाळची शाळा सुटली की एसटी पकड.

नील, सानिका, तुम्ही डोळे मिटून उघडेपर्यंत तुमच्याकडे चित्र उघडतं. आमच्याकडे तसं नव्हतं. वहिनी आधी कॉम्प्युटरवरचं झालर लावलेलं कापडी आवरण काढायच्या, मग टेलिफोनच्या तारेतून कोंबडी पकडल्यासारखे आवाज यायचे, आणि मग चित्र वरून खाली उतरायचं, एकेक पट्टी करत. त्या पहिल्या शनिवारी तू पदराने घाम पुसत पडद्याला नाक लावून बसलीस.

"कान आलं. बाई, कान आलं! लांब हायत. ससा?"

"थांब."

"डोळं आलं. ससा नाय. गाढव. गाढवच! वहिनी, इकडं या, गाढव येतंय!"

वहिनी मशीन थांबवून आल्या. ब्लाउजवाल्या दोघी आल्या. पाच बायका श्वास रोखून उभ्या. तोंड आलं, आणि दिवे गेले.

भारनियमन. गाढव अर्धवट राहिलं. तू इतकी हसलीस की बाकावरून घसरायची वेळ आली.

दुसऱ्या सोमवारी मी तुझी शाळा पाहायला आले तेव्हा तू काय चालवलं होतंस! दिवे आल्यावर वहिनींनी काढून दिलेलं तेच गाढवाचं चित्र तू हातात धरलेलं, त्याच्यापुढे पाटी धरलेली, आणि पाटी बोट बोट खाली सरकवत होतीस. कान दिसले. एकतीस मुलं गुडघ्यांवर उभी. "रॅबिट!" कुणीतरी ओरडलं. पाटी आणखी खाली. "हॉर्स!" "नो!" तू ओरडलीस. "बफेलो!" "नो!" पाटी नाकापर्यंत आली आणि सगळी खोली एका सुरात ओरडली, "डाँऽऽकी!" मधेच तू पाटी झटकन वर केलीस आणि म्हणालीस, "लाइट गेली." मुलं रडकुंडीला आली. मग लाइट आली.

या खेळाचं नाव तू ठेवलंस, 'डाउनलोड'. मी एकोणतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, यमुना. नेसफील्डच्या व्याकरणाच्या वळणाचं, फळ्यावर रेघा आखून. माझ्या वर्गात एकही मूल कधी गुडघ्यावर उभं राहून शब्दाची वाट पाहत नव्हतं. ते मी तुला तेव्हा सांगितलं नाही. मी म्हणाले, "उच्चार बरे आहेत, पण 'डंकी' नव्हे, 'डाँकी' हे तू बरोबर घेतलंस." शाबासकीसुद्धा मी दुरुस्तीच्या कागदात गुंडाळून द्यायची.

त्या पहिल्या शनिवारी परत जाताना मी तुला स्टीलच्या डब्यात रव्याचे लाडू दिले होते. पुढच्या शनिवारी डबा परत आला तो सोललेल्या वालांनी भरून. मी शहरात वाढलेली, म्हटलं, "अगं, हे कशाला?"

तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी मळलेल्या पिठाला पाय लावला. "रिकामं भांडं परत नाय धाडत आमच्यात. कायच नसंल तर चिमूटभर मीठ टाकायचं, पन रिकामं नाय."

मग मीही शिकले. तो डबा आपल्या दोघींत दहा वर्षं हिंडला. माझ्याकडून वड्या, चकल्या, एकदा फसलेला केक. तुझ्याकडून करवंदं, तांदळाच्या पापड्या, वैशाखऱ्याला माहेरी गेलीस की भावाच्या रानातली कंदमुळं. एकदा खरोखरच फक्त मीठ होतं. त्या आठवड्यात तुझ्या घरी आजारपण होतं, हे मला नंतर कळलं.

जगाच्या नकाशाची गोष्ट नीलला सांगितलीच पाहिजे. एका ठिकाणी मोठा नकाशा सोळा कागदांवर छापायची सोय होती. सोळा कागद एकमेकांना चिकटवले की भिंतभर जग. डिंक संपला होता म्हणून मुलांनी भाताची खळ केली आणि पडवीत जग जोडलं. जोडलेलं जग वाळायला ठेवून सगळी पाणी प्यायला गेली. परत आलो तर पाड्यातली एक शेळी ऑस्ट्रेलिया खात होती. खळीचा वास! हाकलेपर्यंत तिने न्यूझीलंडही संपवलं.

चौथीतली सखू, तुझी लाडकी, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, आता तितली मान्सं कुठं ऱ्हातील?"

"इंग्रजीच्या बाईंचा नातू तितंच ऱ्हातो," तू म्हणालीस. "बाई, फोन लावा, बघा हाय का जाग्यावर."

मुलांनी माझ्याकडे इतक्या काळजीने पाहिलं की मी शपथेवर सांगितलं, नील सुखरूप आहे. मग तुम्ही सगळ्यांनी मिळून ऑस्ट्रेलिया कोऱ्या कागदावर हाताने काढला. बाकीच्या जगापेक्षा तो जरा मोठा झाला. त्यावर एक घर होतं, दाराशी एक मुलगा, आणि घराभोवती काट्यांचं कुंपण, शेळीसाठी.

इतका आनंद होता. आता ज्याच्यामुळे मला तुझ्याशी भांडायचं आहे, तिथे येते.

ऋतूंचा कागद. एका बाईंच्या साइटवर मिळाला. त्याही निवृत्त शिक्षिका, लांब थंड देशातल्या. स्वतः चित्रं काढून ठेवायच्या. कागदावर चार चौकटी, चारींत तेच झाड. एका चौकटीत फुलं, दुसरीत हिरवी पानं, तिसरीत पानं गळताहेत, चौथीत फांद्यांवर बर्फ. खाली इंग्रजीत ऋतूंची नावं लिहायला रेघा. मला कागद फार आवडला. नेटका होता. एकतीस प्रती काढल्या.

तू कागद वाटलेस आणि पाच मिनिटांत बंड झालं.

"बाई, ह्या झाडाला काय झालंय? मेलंय?" बर्फाच्या चौकटीवर बोट ठेवून एकाने विचारलं.

"पांढरा खडू कागदावर उठत नाय, बाई."

"बाई, थंडीत पानं कुठं पडतात? पानं शिमग्यात पडतात." ही सखू. "साग बघा ना आमचा. शिमग्यात सगळा उघडा. न् पळसाला तर पानं नाय, नुसती फुलं. ह्यात फुलाची चौकट येगळी न् पानं पडायची येगळी केली. ह्यांचं झाड येडं झालंय."

मी पुढे झाले. समजावलं, की हे त्यांच्या देशातलं आहे, आपण त्यांचे शब्द शिकायचे आहेत, तेव्हा जसं आहे तसं रंगवा. तू खिडकीतून बाहेर सागाकडे बघितलंस, मग मुलांकडे, आणि म्हणालीस, "झाड आपलं काडा. शब्द त्येंचे लिवा."

चार चौकटी पुरल्या नाहीत. मुलांनी मधे रेघा मारून सहा केल्या. पळस पेटला. साग उघडा झाला. पावसाच्या चौकटीत सागाचं एकेक पान डोक्यावर धरून मुलं चालली होती. दिवाळीच्या चौकटीत भाताचे भारे होते. बर्फावर काट मारून एकाने शेकोटी काढली, तिच्याभोवती आजोबा, कुत्रा आणि तू. खाली इंग्रजी शब्द होते, ज्याच्या त्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले.

कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती. मी ती तुला वाचून दाखवली ती निव्वळ माझ्या पूर्ण वाचायच्या सवयीने: 'हे सर्वांसाठी विनामूल्य आहे. वर्गात कसं वापरलंत ते आम्हाला जरूर कळवा.' आणि खाली पत्ता.

"म्हंजे डबा परत मागतात," तू म्हणालीस.

"अगं, नाही. ही शिष्टाचाराची ओळ असते. कुणी कळवत नाही."

"कोनी कळवत नाय म्हनून आपन बी नाय?"

"कागद तर आपण वहिनींकडे छापलेत."

"कागद आपला, बाई. पन रेघा त्येंच्या ना?"

 तू एकतीसच्या एकतीस कागद गोळा केलेस आणि म्हणालीस, पोस्टाने पाठवा. मी पहिला कागद हातात घेतला आणि पर्समधलं लाल पेन उघडलं. तू माझं मनगट धरलंस.

"डबा भरल्यावर त्यातलं परत निवडत नाय बसायचं."

"स्पेलिंग चुकलीत, यमुना. परदेशात शाळेचं नाव जाणार. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हनतील, पोरांनी लिवलंय."

शेवटी मी म्हटलं, माझ्याकडे दे, मी पाठवते. घरी आणून मी ते मोठ्या खाकी पाकिटात घातले. पाकिटावर माझ्या सवयीप्रमाणे चिठ्ठी लावली: 'यमुनाची शाळा. ऋतू. दुरुस्ती करून पाठवणे.' आणि पाकीट कपाटातल्या दुसऱ्या कप्प्यात ठेवलं.

ते तिथेच राहिलं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. आज सांगते. मी वेळ नव्हता असं म्हणू शकले असते. सानिकाचा जन्म, माझा मोतीबिंदू, कारणं नोंदवहीत तारखेनिशी आहेत. पण खरं कारण लाज. ती चुकलेली अक्षरं माझ्या हातून जगात जावीत हे मला सोसलं नसतं, आणि दुरुस्त करून पाठवावीत तर तुझा हात मनगटावर आठवायचा. मग मी वहिनींच्या दुकानात बसून त्या बाईंना चार ओळींचा निर्दोष ई-मेल पाठवला. आपल्या साहित्याचा आमच्या विद्यार्थ्यांना अतिशय उपयोग झाला, वगैरे. आणि तुला म्हणाले, "पाठवलं." चार ओळी पाठवल्याच होत्या, म्हणून हे खोटं नाही, असं मी स्वतःला समजावलं. उत्तर म्हणून 'आपला संदेश मिळाला' असं एक यांत्रिक वाक्य आलं.

तू मात्र दर शनिवारी विचारायचीस. पिशवी खाली ठेवायच्या आधी. "पोस्टात काय आलं का, बाई?"

"नाही अजून."

"लांब हाय ना. येल."

एकदा मार्चमध्ये नीलचा फोन आला. "आजी, आमच्याकडे सगळी पानं पिवळी होऊन पडतायत. शाळेत आम्ही त्याच्यात उड्या मारतो." मी तुला ते सांगितलं, तर तू टाळी वाजवलीस. "बघा! तितंबी शिमग्यातच पडतात! माझी सखू बरोबर निघाली का नाय? त्या बाईंना हेबी कळवा. तेच पाकिटात घालायचं ऱ्हायलं." मी मान हलवली आणि चहाला आधण ठेवायला आत गेले. चहाला आधण ठेवायला मी त्या काळात बरेचदा आत जायची.

आणि मग एक शनिवार आला. मी अशीच आत होते. डब्याचं झाकण घट्ट बसत नव्हतं म्हणून तू दुसरं झाकण शोधायला कपाट उघडलंस. मी ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा तू कपाट लावून घेत होतीस.

"बाई, कपाट लय नीट तुमचं," तू म्हणालीस. "सगळ्याला चिठ्ठ्या लावलेल्या."

"सवय ग."

"बरी सवय. मानसाला काय शोधायला नको."

मी ती स्तुती समजले. मला बरं वाटलं, अगदी मनापासून. त्या शनिवारपासून तू पोस्टाचं विचारणं बंद केलंस आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला, की चला, विसरली. इतकी वर्षं तुझ्याबरोबर काढून मी असं मानलं की तू परत करायचा डबा विसरलीस! माझी हुशारी बघ.

तू गेलीस तेव्हा भातं कापायला आली होती. त्या दिवसांबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांना लिहायचं ते लिहितील. पंधरा दिवसांनी तुझी सून डबा घेऊन आली. माझा डबा तुझ्याकडेच राहिला होता, आणि मला भीती होती की या वेळी तो रिकामा असेल. कुणी दोष दिला असता? आत नव्या भाताचे पोहे होते.

"आईंनी सांगून ठेवलंवतं," ती म्हणाली. "बाईंचा डबा तसाच धाडू नको."

काल मी वहिनींच्या दुकानात गेले ती मुलाला तुझ्याबद्दल कळवायला. मी टाइप केलं, पाठवलं, उठले. वहिनींनी हातातलं काम बाजूला ठेवलं.

"बाई, बसा जरा. येक दाखवायचंय. यमुनाबाई म्हनल्यावत्या, बाई स्वताच्या हातानं पाकीट पाठवतील, तवा दाखव. त्याआधी नाय. पन आता मी कितीक थांबू?"

मी परत खाली बसले. पाकीट! म्हणजे तुला ठाऊक होतं. म्हणजे कपाट नीट आहे ही स्तुती नव्हती.

वहिनींनी सांगितलं ते असं. दुकानात स्कॅनर आला त्या वर्षी तू ऋतूंचे कागद पुन्हा काढून घेतलेस. तोपर्यंत पहिली एकतीस मुलं पुढे गेली होती, सखू किन्हवलीच्या हायस्कुलात. नव्या मुलांनी नवे पळस, नवे साग काढले. त्यातले सहा तू वहिनींकडे घेऊन आलीस, मी मुलाकडे राहायला गेले होते त्या उन्हाळ्यात. पत्र तू इंग्रजीत स्वतः लिहिलंस. वहिनी म्हणाल्या, "मी म्हनलं, बाई आल्यावर दाखवू त्यांना येकदा. तर म्हनल्या, येक अक्षर इकडचं तिकडं केलंस तर मशीनची सुई काढून नेईन."

मग पडदा उघडला. आता चित्र एकदम येतं, पण मला ते वरून खालीच आल्यासारखं दिसलं. आधी त्या बाईंच्या साइटचं नाव. मग ओळखीचं झाड, चार चौकटी, बर्फ. आणि त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या आकारात, सहा चौकटींचं आपलं झाड. शेकोटी. डोक्यावर सागाची पानं. लालभडक पळस. वर इंग्रजीत नाव, शिमगा ट्री. खाली तुझं पत्र, जसंच्या तसं:

'यू गिव्ह. वी टेक. नाऊ वी गिव्ह. यू टेक. यमुना, टीचर.'

माझा हात पर्सकडे गेला होता, लाल पेनाकडे. खोटं कशाला सांगू? मी त्यात एक 'काइंडली' घातला असता, दोन स्वल्पविराम, आणि 'वी शॅल बी ग्रेटफुल'. आणि त्या बाईंकडून पुन्हा एक यांत्रिक वाक्य आलं असतं. तुझ्या नऊ-दहा शब्दांना त्यांनी पानभर उत्तर लिहिलं होतं. वहिनींनी ते छापून जपून ठेवलंय. त्या लिहितात, माझं बर्फाचं झाड कितीतरी वर्षं कितीतरी वर्गांत गेलं, पण ते कुठे उभं आहे असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. आता आमच्याकडची मुलं विचारतात, शिमगा म्हणजे काय, आणि मला सांगता येत नाही. तुम्ही सांगाल का?

तू सांगितलंस की नाही? वहिनींना आठवत नाही. त्या म्हणतात, तू ते उत्तर वाचून घेतलंस, घडी करून परत दिलंस, आणि म्हणालीस, "हे लिवायचं काम बाईंचं. त्यांना सवडीनं देऊ."

तू माझ्यासाठी काम राखून ठेवलं होतंस. इतकी वर्षं दर शनिवारी समोर बसून पापड्या खाल्ल्यास, नीलची चौकशी केलीस, माझ्या कपाटाकडे एकदाही पाहिलं नाहीस, आणि वाट बघत राहिलीस की ही बाई आपल्या हाताने पाकीट पाठवेल. एकदा नुसतं म्हणायचंस! मी दोन दिवस रुसले असते, तिसऱ्या दिवशी पोस्टात गेले असते. की तुला वाटलं, दुरुस्त करणाऱ्या माणसाला दुरुस्त करू नये, त्याचं त्याला सापडू द्यावं? पाटी बोट बोट खाली सरकवत बसलीस माझ्यापुढे. कान दिसले, डोळे दिसले, आणि मी ओरडतच राहिले, रॅबिट, हॉर्स.

आपला वाद अर्धा मी हरले. उरलेला अर्धा सोडणार नाही, वर्गाच्या वहीत स्पेलिंग दुरुस्त झालंच पाहिजे, यावर मी ठाम आहे, आणि तू इथे असतीस तर डोळे फिरवून म्हणाली असतीस, "बरं, बरं, तुमी म्हनाल तसं." आणि तुला हवं तेच केलं असतंस.

नील, सानिका, तुमच्याकडे घरातच प्रिंटर आहे. ते पान उघडा, पत्ता तुमच्या बाबाकडे पाठवला आहे. दोन्ही झाडं छापा. तुमच्या शाळेत न्या, तुमच्या बाईंना द्या, सांगा की हे सगळ्यांसाठी आहे आणि त्यात शेकोटीजवळ एक बाई बसलेली दिसली तर ती माझी मैत्रीण आहे. तुमच्या बाई म्हणतील, थँक्यू. पण तेवढ्यावर थांबू नका. मेलबर्नचं झाड काढा, ज्याच्या पानांत तुम्ही उड्या मारता ते, आणि किन्हवलीच्या पुढच्या त्या शाळेला पाठवा. चुकलं तर चुकू द्या. आजी काही म्हणणार नाही.

आज सकाळी मी कपाटाचा दुसरा कप्पा उघडला. पाकीट होतं तिथेच होतं, कडेला जरा पिवळं पडलेलं. एकतीस कागद एकेक करून पाहिले. सखूचा साग सगळ्यांत उंच, चौकटीबाहेर गेलेला. एकाही कागदाला हात लावला नाही. वर एक बत्तिसावा कागद ठेवला, शिमगा म्हणजे काय ते लिहिलेला. होळीची ऊब, पुरणपोळी, ढोल, बोंबा मारायची मोकळीक, आणि उघड्या सागाखाली पायांनी कुरकुर वाजवत चाललेली मुलं. एकदाच लिहिला, कच्चा कागद केला नाही. एका ठिकाणी शाई पसरलीय. राहू दे.

पोस्टात जायच्या आधी पाकिटावरची चिठ्ठी काढायला गेले, तर ती इतक्या वर्षांनी निघेना. मग मी लाल पेन उघडलं, आणि यमुना, तुझ्या शाळेच्या कागदांवर माझ्या हातची एकच दुरुस्ती केली. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'दुरुस्ती करून पाठवणे'. त्यातले पहिले दोन शब्द खोडले.